ओलं फडकं

माझी मावशी शिवणकाम करते. पँट आखूड कर, चेन बदल, असली कामं. राग कायम नाकावर. काका गेले तेव्हाही रडली नाही, मशीन चालवत बसली. काकांच्या मागे राहिलं ते खिडकीजवळचं मोठ्या पानांचं झाड. ते रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे, देठाकडून टोकाकडे. मावशी करवादायची, "कधी माझा चष्माही पुसा!"

वर्ष होत आलं तेव्हा तिचा फोन आला. "झाडावर डाग पडलेत. तू रोपवाटिकेत आहेस ना, वाचव बाई. हे गेलं तर त्यांचं माझ्याकडे काहीच राहत नाही."

तपकिरी डाग, भोवती पिवळी कड. बुरशीच. मी म्हटलं, "पानं ओली राहिली की हे होतं. तेच फडकं सगळीकडे फिरवलं की पसरतं. पुसणं बंद कर."

"मी कशाला पुसतेय? इथे मान वर करायला फुरसत नाही!"

थापा मारतेय, मला वाटलं. डागाळलेली पानं कापली, कात्री स्पिरिटने पुसली, पाणी फक्त मातीत घाल म्हणून बजावलं आणि कुंडीवरचं ओलं फडकं जाताना स्वतः कचऱ्यात टाकलं.

पुन्हा गेले तर नवे डाग. कुंडीच्या काठावर फडकं, ओलं. तेच, कोपऱ्यात मावशीचे लाल टाके असलेलं.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, खोटं बोलू नकोस!" ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही. पानं चाचपली, कोरडी होती. पाणी प्यायला आत गेले. मशीनची खडखड एकदाही थांबली नाही. बाहेर आले तर खालचं पान ओलं, देठाकडून टोकाकडे पुसलेलं.

मावशीने मशीन थांबवली. झाडाकडे बघत नेहमीच्याच फणकाऱ्याने म्हणाली, "अहो, पुरे झालं आता. तुमच्या हातून मरेल ते."

त्यानंतर पानं कोरडीच राहिली. डाग थांबले, नवं पान फुटलं. मी शाबासकी घ्यायला गेले, तर मावशीच अर्धी झालेली. फडकं वाळून कडक झालं होतं.

"संध्याकाळ खायला उठते गं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मग डोळे पुसून उठली, फडकं नळाखाली भिजवलं, पिळलं आणि कुंडीवर ठेवलं.

"अगं, काय करतेस? झाड जाईल!"

"जाऊ दे. पुढच्या वेळी येताना दुसरं आण. मोठ्या पानांचं."