रेवदंड्याच्या किल्ल्यातली हाक

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं उलटली असतील. लोक नव्या बायकोला महाबळेश्वरला नेतात. आमच्या ह्यांनी मला रेवदंड्याला नेलं, समुद्रगरुड दाखवायला! ताजे मासे मिळणार होते, म्हणून मीही फार कुरकुर केली नाही.

एका कोळणीकडे उतरलो होतो. सकाळी तिने तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण वाढलं आणि ह्यांच्या गळ्यातली दुर्बीण बघून म्हणाली, "किल्ल्यान कुनी हाक मारली तं ओ द्यायची न्हाय, दादा. नाव घेऊन मारली तरच द्यायची. त्यांना नाव ठावं नसतं."

हे हसले. 'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पोर्तुगिजांच्या पडक्या मनोऱ्याच्या सावलीत मी बसले आणि हे तटाकडे गेले. दुपार झाली. कावळासुद्धा ओरडेना. तटाबाहेर भरती चढू लागली, खडकांवर पाणी आपटल्याचा आवाज जवळ येऊ लागला, तरी ह्यांचा पत्ता नाही. खाली खडकांत अडकले असले तर?

"अहो! अहो, ऐकलंत का?" तटाच्या कडेकडेने मी ओरडत धावले. उत्तर नाही. मग एकदम डोक्यात आलं, हा माणूस ऐकत असेल आणि कोळणीचं मनावर घेऊन गप्प बसला असेल! 'अहो' काय, कोणीही म्हणेल. आणि ह्यांचं नाव माझ्या तोंडून आजवर फक्त उखाण्यात निघालेलं. लाजेने डोळे मिटले आणि सगळ्या किल्ल्याला ऐकू जाईल असं ते घेतलं.

"ओ!" तटाखालूनच आवाज आला.

मी तटाच्या खिंडारातून उतरले. हे पाय मुरगळून खडकांत बसले होते, पाणी कमरेला लागलं होतं. मी ओढतच त्यांना वर आणलं. मी रडत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. "इथे मरायला कशाला उतरलात?"



"तूच तर मघाशी खालून हाक मारलीस," हे गोंधळून म्हणाले. "नाव घेऊन. मला इतकं बरं वाटलं, तसाच उतरलो."