मामांनी पारखलेला फोन

धारूरच्या माझ्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू वाईट घेतली नाही, आणि एकही वेळेवर घेतली नाही. बैल घ्यायचा तर त्याला तासभर चालवणार, बसवून उठवणार, वशिंडावर हात फिरवणार, आणि तो आधी ज्याच्या दावणीला होता त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन येणार. "इकणारा खोटं बोलतो, वापरणारा न्हाई," हे त्यांचं शास्त्र. घरातला पंखासुद्धा याच शास्त्रानं आला. तोवर मामींनी अख्खा उन्हाळा पुठ्ठ्यानं वारा घेतला, पण तो पंखा अजून कुरकुरत नाही.

त्यांची धाकटी शीतल बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म आम्ही माजलगावला माझ्या घरी भरला. मी माझा नंबर टाकायला गेले, तर मामा कडाडले, "पोरीचं नशीब दुसऱ्याच्या फोनात काऊन ठेवायचं? तिला घेतो की फोन!" तोवर म्हणून त्यांच्याच बटणाच्या फोनचा नंबर दिला. पहिल्या यादीत नाव आलं नाही. पुढं जागा निघाली तर मेसेज येणार होता. मामा मेसेज कधी उघडत नसत. "समदे कंपनीचेच अस्तात," म्हणायचे. आणि फोन दिवसभर त्यांच्या बंडीच्या खिशात.

मग मामा निघाले फोन बघायला. दीड महिना! माजलगावचं एक दुकान सोडलं नाही. फोन गालाला लावायचे आणि म्हणायचे, "लई तापतंय, ह्ये पोरीला न्हाई चालायचं." एका दुकानदाराच्या हातावर तर उपरणं टाकून त्यांनी बैलबाजारातल्यासारखी आतून बोटं दाबली, भाव ठरवायला. तो बिचारा कावराबावरा. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन चहाही झाले. मी पोट धरून हसत होते. हसण्यापलीकडं मी काही केलं नाही, हे आता बोचतं.

अखेर फोन आला. मामांच्या बटणाच्या फोनातले नंबर उतरवून घ्यायला शीतल बसली, आणि तो मेसेज तिला दिसला. जागा निघाली आहे, तीन दिवसांत कागदपत्रं घेऊन या. मेसेज येऊन नऊ दिवस झाले होते. पोरगी रडलीसुद्धा नाही. मामा म्हणाले, "पुढल्या साली बघू, बाई."

पुढलं साल कुठलं यायला! दिवाळीनंतर सिरसाळ्याचं स्थळ आलं आणि मामांनी दोन दिवसांत होकार देऊन टाकला. मी भांडले. "मामा, फोनला दीड महिना आन् नवऱ्याला दोन दिवस?" खाली मान घालून म्हणाले, "पाव्हण्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसतं का?" त्या दिवशी मी त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्याले नाही. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

फोन मात्र उत्तम निघाला. हल्ली तो शीतलचा नवरा वापरतो.

परवा मामा माझ्याकडं आले. चहा व्हायच्या आत त्यांनी बटणाचा फोन पुढं केला. "वाच बरं." रिचार्जची जाहिरात होती. "त्याच्याखाली?" कर्जाची. मी एकेक वाचत गेले, ते एकेकाला मान डोलवत गेले. आता भेटेल त्याच्याकडून ते असेच सगळे मेसेज वाचून घेतात म्हणे.

"शीतलनं काई धाडलं न्हाई?"

"नाही, मामा."

त्यांनी फोन बंडीच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

"यील," म्हणाले, "फोन चांगला हाय तिचा."