सूनबाईंची घरपट्टी

शिरूरच्या बाजारपेठेत माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. कांद्याचे व्यापारी, डेअरीवाले, कंपन्यांतले सुपरवायझर अशी सगळी गिऱ्हाइकं, आणि त्यांत परदेशी बाई एकच. ती डेन्मार्कची. इथून जवळच्या न्हावरे गावचा एक इंजिनियर तिकडे नोकरीला गेला, तिथेच त्याने तिच्याशी लग्न केलं आणि चार वर्षांपूर्वी आजाराने गेला. गावच्या चौकात त्याने बांधलेले दोन गाळे मृत्युपत्राने तिच्या नावावर आले. एकात पशुखाद्याचं दुकान आहे, दुसऱ्यात मोबाइलचं. त्या भाड्याचं विवरणपत्र दरवर्षी मी भरते. कागद घेऊन एसटीने येतात ते तिचे सासरे, आबा.

आबांचं आणि माझं पहिल्याच वर्षी वाजलं. मी फॉर्मवर तिला ‘अनिवासी’ लिहिलं आणि नागरिकत्व डेन्मार्कचं दाखवलं, तर त्यांना वाटलं की मी त्यांच्या सुनेला घराबाहेर काढलं. मी समजावत बसले. भाडेकरूंनी तिच्या भाड्यातून पहिल्या रुपयापासून तीस टक्क्यांहून थोडा जास्तच कर कापायचा, आणि जास्तीचा कापलेला आपण विवरणपत्र भरून परत मागायचा. भाड्यावरची तीस टक्के वजावट इतरांसारखी तिलाही मिळते. मात्र कमी उत्पन्नवाल्यांचा कर माफ होतो ती सवलत इथल्या रहिवाशांनाच, तिला नाही.

“म्हंजी आमच्या सुनंचं कापायला सगळ्यांच्या आदी, आन् द्यायच्या टायमाला ती परकी,” आबा म्हणाले. मला राग आला, कारण कायदा काही मी केलेला नव्हता. पण त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं, म्हणून चहा मागवला.

यंदा ती जानेवारीत यायची होती. त्याआधी आबांचा फोन आला. ती गाळे विकायचं म्हणतेय, हे सांगताना एरवी खणखणीत बोलणारा माणूस अडखळत होता. त्यांना गाळ्यांचं काही नव्हतं. मुलगा गेला, नातवंड नाही; आता गाळेही गेले तर ही पोरगी इकडे कशाला येईल, एवढंच ते फिरून फिरून विचारत होते.

दौंडला नणंदेकडे दोन दिवस राहून ती माझ्याकडे आली, सोबत आबा. तिचं मराठी नवऱ्याकडून शिकलेलं, म्हणजे अस्सल न्हावऱ्याचं. सोनेरी केसांची उंच बाई ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणते तेव्हा मला अजून हसू येतं, आणि ती फार आवडते. तिने गाळे विकले तर इथे किती कर बसेल आणि तिकडच्या करातून तो किती वजा होईल, असं विचारलं. आकडा सांगायचा सोडून मी नसती चौकशी केली, की विकायचं कशासाठी?

ती आबांकडे न बघता बोलली. घरी सगळे माया करतात, पण बारा वर्षं झाली तरी तिला खुर्चीवरच बसवतात, प्यायला दुकानातली पाण्याची सीलबंद बाटली आणून देतात, जेवल्यावर स्वतःचं ताटसुद्धा उचलू देत नाहीत. नवरा होता तोवर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. “मी पाव्हणीच हाय तितं,” ती म्हणाली. आबा खाली बघत टोपी चाचपत राहिले. मला दोघांचंही वाईट वाटलं.

काहीतरी काम करायचं म्हणून मी फाइल उघडली. गाळ्यांच्या घरपट्टीच्या तीन वर्षांच्या पावत्या होत्या, तिन्ही तिच्या नावाच्या. घरपट्टी भाड्यातून वजा होते, आणि मी ती दरवर्षी वजा केली होती. सहज विचारलं, हे पैसे कुठल्या खात्यातून भरलेस? ती गोंधळली. तिला वाटत होतं, भाडेकरू भरतात.

आबांनी भरले होते. डेअरीकडून येणाऱ्या दुधाच्या पगारातून, दरवर्षी, कुणाला न सांगता. सुनेला कसली पट्टी मागायची, म्हणाले.

आता पंचाईत माझी झाली. घरपट्टीची वजावट मिळते ती मालकाने स्वतःच्या खिशातून भरली तरच. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘पैसे कुणी भरले’ म्हणून दटावणारी मी, आणि आबांना एकदाही विचारलं नव्हतं. मी दोघांसमोर चूक कबूल केली आणि जुनी विवरणपत्रं दुरुस्त करावी लागतील हेही सांगितलं. कर थोडाच वाढणार होता, पण मान खाली गेली ती गेलीच.

तिने मात्र भलतंच विचारलं. “कायदा म्हनतो, पट्टी मालकानंच भरायची?”

वजावट हवी असेल तर हो, मी म्हटलं.

यंदाची पट्टी अजून भरायची होती. तिने मागच्या पावतीवरचा आकडा पाहिला, पर्समधून तेवढ्या नोटा काढल्या आणि आबांच्या पुढ्यात ठेवल्या. आबांनी हात मागे घेतला. सुनेकडून पैसे घेतले तर गाव तोंडात शेण घालील, म्हणाले.

“आबा, पाव्हणा पट्टी भरत न्हाई,” ती म्हणाली. “घरचा मानूस भरतो. तुमी पैसं घ्या, मंग मी गाळं न्हाई इकत.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझ्या फॉर्ममध्ये बसणारं नव्हतं. मग त्यांनी नोटा उचलल्या, अंगठ्याला थुंकी लावून एकेक मोजली आणि पुन्हा एकदा मोजली.

“यंदा पट्टीत दिवाबत्तीचा कर वाढलाय,” आबा म्हणाले. “आनखी दीडशे दे.”