मामांनी नाकावरून वेग ओळखला

मित्रहो, आज दुपारी जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाही.

मी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर, विमान बाहेरून दिसेल असं ठेवून, मोठं जेट उतरवत होतो, आपल्याच सोनेगाव विमानतळावर. दोनदा धावपट्टी संपली, तरी विमान थांबलं नाही. मागे ऐंशी वर्षांचे मामा बसले होते. सत्तरच्या दशकापासून बारा वर्षं ते त्याच विमानतळावर आग विझवायची गाडी चालवायचे.

"काहून एवढ्या जोरात आणून राहिला गा?"

"तुम्हाले इथून आकडा दिसते, मामा?"

"आकडा कायले पाह्यजे? नाक खाली हाये त्याचं. बराबर स्पीडनं आलं, तर नाक जरासं वर राह्यते."

पाहिलं तर वेग एकशे सत्तर नॉट! हवा होता एकशे चाळीस.

तिसऱ्यांदा मी फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या वेग कमी करणाऱ्या पट्ट्या, आधीच पूर्ण उतरवले आणि वेग एकशे चाळीसवर धरला. नाक खरंच वर आलं. चाकं टेकली, विमान थांबलं. तेव्हा कुठे मामांनी खुर्चीचा हात सोडला.

"विमानात कधी बसले, मामा?"

"नाही गा. आम्ही गाडी चालू ठेवून पाहत राहायचो. विमान थांबलं, का गाडीचं इंजिन बंद."

बारा वर्षं, रोज.

त्या काळी सोनेगावला उतरलेलं कोणी आहे का इथे? खिडकीतून ती लाल गाडी दिसली होती का हो?