फुग्यांत अक्षरं भरणारा माणूस

माझ्या मामाला ऑफिसात सगळे 'फुगेवाला' म्हणायचे. तो फुगे विकत नव्हता. चित्रकथेतल्या माणसांच्या तोंडापाशी बोलण्याचे जे पांढरे फुगे असतात, त्यांत तो अक्षरं लिहायचा. हातानं, शाईनं, एकेक.

आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर मोत्यासारखं, म्हणून एका लहानशा प्रकाशकानं त्याला बोलावून घेतलं. जपानी चित्रकथा आपल्या भाषेत आणायची टूम त्या प्रकाशकानं काढली होती. ऑफिस म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, पांढऱ्या रंगाच्या बाटल्या आणि मामा. मूळ पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, म्हणून ती आरशात दिसावीत तशी उलटी करून छापत. त्यात खेळाडूंच्या बनियनवरचे आकडेही उलटे व्हायचे. ते पुसून सुलटे काढायचे, फुग्यातली परकी अक्षरं पुसायची, पेन्सिलीनं बारीक रेघा आखायच्या आणि मग लिहायचं, हे सगळं मामाचं काम. भाषांतर एका निवृत्त प्राध्यापकांचं. पुस्तकावर नावही त्यांचंच.

पहिलीच गोष्ट निघाली बास्केटबॉलची. एका बंदरावरची शाळा, तिचा हरणारा संघ, पाच जण मैदानात आणि सात बाकावर. चोवीस भाग, महिन्याला एक.

प्राध्यापकांना जपानी उत्तम येत होतं. बास्केटबॉल मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. रिबाऊंडला, म्हणजे कडीवरून उसळून परत येणाऱ्या चेंडूला, त्यांनी 'परावृत्त कंदुक' लिहिलं होतं. दम लागलेला कप्तान 'अडव त्याला' म्हणायच्या ऐवजी 'तयास प्रतिबंध करावा' असं ओरडायचा. मामाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घामाघूम झालेलं पोर असं बोलत नाही, एवढं कळत होतं. मालकांना सांगायला गेला, तर ते म्हणाले, तू अक्षरं काढ, अर्थाचं ते बघतील. मग तो पानांच्या नकला घरी आणायला लागला. कारण घरी माझी आई होती.

आई मामापेक्षा चार वर्षांनी लहान. शाळेच्या संघातून ती बास्केटबॉल खेळायची आणि जिल्ह्याच्या संघात तिची निवडही झाली होती. त्याच महिन्यात आजीला अर्धांगवायू झाला. आजोबा आधीच गेलेले. घरात कुणीतरी थांबायला हवं होतं. कुणी थांबायचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आई थांबली. मामानं काम सुरू ठेवलं. दोन खोल्यांच्या घरात आजीच्या पलंगाशेजारी एक बुटकं बाक होतं, आईची पुढची सहा वर्षं त्या बाकावर गेली.

रविवारी दुपारी मामा ओट्यावर पानं पसरायचा आणि आई हातातलं काम न सोडता त्याला सांगायची. हा पोरगा डावखुरा कसा झाला? पान उलटं छापलंय होय, मग ठीक. इथं 'फाउल' म्हण, दुसरं काही म्हणू नकोस, मैदानात कुणी दुसरं काही म्हणत नाही. हा धापा टाकतोय ना, मग याच्या तोंडी दोनच शब्द दे, तिसऱ्याला श्वास उरत नाही. मामा शिसपेन्सिलीनं लिहून घ्यायचा आणि सोमवारी ऑफिसात तेच शाईनं फुग्यात भरायचा. प्राध्यापक छापलेली पुस्तकं कधी उघडून बघत नसावेत. निदान त्यांनी कधी विचारलं तरी नाही.

एकोणिसाव्या भागात बाकावरच्या एका मुलाला त्याचे वडील सांगतात की, तीन वर्षांत तुला एकदाही खेळवलं नाही, आता पुरे कर, बनियन परत देऊन टाक. त्यावर तो मुलगा उत्तर देतो. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'राखीव आसनावर स्थानापन्न असूनही मी क्रीडेचा परित्याग केलेला नाही.' मामानं ते मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसला. आई तेव्हा आजीला चमच्यानं पेज भरवत होती. ती हसली नाही. वळलीही नाही. आजीची हनुवटी पुसत ती म्हणाली, "बाकावर बसलेय. खेळातून उठले नाही."

मामानं ते लिहून घेतलं. सोमवारी त्यानं त्यात दोन काने वाढवले, 'बसलेय'चं 'बसलोय' केलं आणि 'उठले'चं 'उठलो'. वाक्य मुलाचं झालं.

पुढे त्या वाक्याचं काय झालं, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळांच्या भिंतींवर ते खडूनं लिहिलेलं असायचं. परीक्षेत नापास झालेली पोरं एकमेकांना ते म्हणायची, नोकरी सुटलेली माणसं म्हणायची. ज्यांनी बास्केटबॉल हातात धरला नाही, त्यांच्या बनियनवर ते छापलेलं होतं. आज मी शाळेत शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या दप्तरांत ते चोवीस भाग अजून फिरतात, कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेले. पोरांना त्यात काय सापडतं, हे मी पुष्कळदा बघितलंय. त्या गोष्टीत कुणी जग वाचवत नाही. चेंडू वर जातो, आणि तो आत जाणार की नाही, हे कळायला चार पानं लागतात. तेवढा वेळ मागच्या बाकावरचं वांड पोरसुद्धा गप्प असतं. आणि मग ते पान येतं, आणि ते पोर वर बघतं, जणू कुणी त्याच्याबद्दलच बोललं.

श्रेय सगळं प्राध्यापकांना गेलं. त्यांचे सत्कार झाले, त्यांच्या सोप्या, जिवंत भाषेवर लेख आले. ते प्रत्येक ठिकाणी नम्रपणे हात जोडायचे. मामानं हे पंचवीस वर्षं पाहिलं. मधल्या काळात संगणक आले, हातानं अक्षरं काढणं संपलं, प्रकाशकाचं दुकान उठलं. मामा रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे कामाला लागला. 'प्राप्त', 'रद्द', 'तपासले', अशी अक्षरं कोरायचा, तीही उलटी. पण घरात चार माणसं जमली की गाडी त्याच रुळावर यायची. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तो इतक्यांदा म्हणायचा की मामी वैतागून म्हणायची, तो ससा आता म्हातारा होऊन मेला असेल, सोडा त्याला. मामा सोडायचा नाही. जेवण थंड व्हायचं. माझी आई तोवर लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली होती. ती अशा वेळी त्याची बाजू घ्यायची. म्हणायची, "बोलू दे त्याला. त्याचं खरंच आहे."

मग प्राध्यापक गेले, आणि दोन वर्षांनी एका मोठ्या प्रकाशकानं ती मालिका नव्यानं काढली. नवं भाषांतर, अचूक, पानं मुळासारखी उजवीकडून. एकोणिसाव्या भागात तो मुलगा म्हणत होता, 'बाकावर असलो तरी मी खेळ सोडलेला नाही.' मूळ वाक्य तसंच होतं. पण वाचक खवळले. तिशी-चाळिशीतली माणसं प्रकाशकाला पत्रं लिहू लागली की, आमचं वाक्य कुठे गेलं? नव्या संपादिकेनं प्राध्यापकांची हस्तलिखितं मागवली, आणि त्यात ते 'स्थानापन्न' सापडलं. ते वाक्य प्राध्यापकांचं नव्हतं. मग कुणाचं? शोधत शोधत ती शिक्केवाल्याच्या दुकानात पोचली.

पुढच्या आवृत्तीत जुनं वाक्य परत घ्यायचं ठरलं, आणि मामाचा जाहीर सत्कार. तो आमच्याकडे सांगायला आला. आईनं त्याच्यासाठी नवा सदरा आणला, इस्त्री करून दिला.

सभागृह भरलेलं होतं. आई आणि मी तिसऱ्या रांगेत होतो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि सारखी पदर सारखा करत होती. तेव्हा मला वाटलं, भावाच्या कौतुकानं. मंचावर संपादिकेनं मामाला विचारलं, ते वाक्य तुम्हाला सुचलं कसं?

मामानं माइक जवळ घेतला. तो आमच्या रांगेकडे बघत होता. मग त्यानं नजर वर, मागच्या दिव्यांकडे नेली आणि म्हणाला, "मी एकटाच असायचो त्या काचेच्या टेबलाशी. मला कुणी विचारत नव्हतं. मीच तो बाकावरचा पोरगा होतो. आपोआप आलं."

टाळ्या थांबेनात. माणसं उभी राहिली. आईही उभी राहिली, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या आधी तिनं मला काही सांगितलेलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये मी विचारलं, तेव्हा तिनं पेज, चमचा, हनुवटी, सगळं सांगितलं, अगदी सरळ आवाजात. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, तो आमच्या दोघांसाठी भांडतोय."

मामा तीन दिवसांनी आला. हातात सत्काराची शाल आणि त्याच्याकडच्या जुन्या चोवीस भागांचा खोका. आईनं पाणी दिलं, खुर्ची दिली. तो बराच वेळ खोक्याच्या दोरीची गाठ सोडवत बसला. मग गाठीकडेच बघत म्हणाला, "तिथं तुझं नाव घ्यायचं राहून गेलं बघ."

"राहून गेलं नाही," आई म्हणाली. "तू घेतलं नाहीस."

"एवढे लोक होते. गडबडलो."

"प्राध्यापकांना निदान ठाऊक नव्हतं, दादा. त्यांनी पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं. तू समोर बसून लिहून घेतलंस."

मामानं दोरी हातातून सोडली आणि चपला घातल्या. तो गेल्यावर आईनं खोका न उघडता माळ्यावर टाकला.

त्यानं प्रयत्न केला नाही, असं मी म्हणणार नाही. त्यानं संपादिकेला पत्र लिहिलं, की ते वाक्य माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. संपादिकेचं उत्तर फार सभ्य होतं. तुमचा मोठेपणा कळतो, पण आवृत्ती छापून झाली आहे, वाचकांनी तुम्हाला मनात बसवलं आहे, आता पुन्हा नाव बदललं तर त्यांचा गोंधळ होईल. पत्राची गोष्ट बाहेर फुटली, तेव्हा लोकांनाही तो मोठेपणाच वाटला. एका वर्तमानपत्रात तर छापून आलं की, हा साधा माणूस स्वतःचं श्रेय बहिणीला द्यायला निघालाय. मामानं ते कात्रण आईला दाखवलं नाही, मला दाखवलं. म्हणाला, "आता खरं बोललो तरी माझंच कौतुक होतंय. काय करू?" खरं सांगायचं तर मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

आई त्याच्याशी बोलायची बंद झाली नाही. सणावाराला, आजारपणाला जायची. पण घरात ज्या विषयावर पंचवीस वर्षं जेवणं थंड झाली, तो विषय पुन्हा निघाला नाही. मामाकडे दुसरं बोलायला फारसं काही नव्हतंच. तो गप्प गप्प होत गेला आणि चौथ्या वर्षी झोपेतच गेला. बातमीत त्याच्या नावाआधी ते वाक्य होतं.

तेराव्यानंतर मी आईला म्हटलं की, आता मी लिहिते सगळं, खरं काय ते. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या तोंडातला घास काढून खाऊ का मी? मी असेपर्यंत नको." म्हणून मी थांबले.

शेवटच्या वर्षी तिनं मला माळ्यावरचा खोका काढायला लावला. ती गोष्ट तिनं कधी सलग वाचलीच नव्हती. ओट्यावरची सुटी पानं तेवढी पाहिली होती. चष्मा लावून तिनं रोज एक भाग वाचला. एकोणिसावा वाचून झाल्यावर तिनं तो इतरांसारखाच मिटून गठ्ठ्यावर ठेवला. चोविसावा संपल्यावर मात्र तिनं मला हाक मारली. शेवटच्या सामन्याच्या पानावरच्या एका फुग्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे खोटं आहे. दोन सेकंदांत तीन पास होत नाहीत. मला विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

चोविसाव्या भागाची पानं घरी यायची, त्या रविवारी आजीचं जास्त झालं होतं, तिला दवाखान्यात हलवलं होतं. तो एकच भाग मामानं आईला न दाखवता छापायला दिला होता.