एक वाक्य आणि तीन ढँण

टीव्हीवर ‘ढँण!’ वाजलं आणि मी दचकून शेजारच्या माणसापासून चक्क सरकून बसलो. टीव्हीवरही तोच होता! गल्लीतल्या बायकांना रोज कामावर सोडणारा, पदर चाकात जाऊ नये म्हणून ‘आस्ते, आस्ते’ करणारा आमचा रिक्षावाला. मालिकेत त्याला एकच वाक्य होतं, ‘कुठं जायचंय, ताई?’ ते ऐकायला अख्खी गल्ली आमच्याकडे जमलेली. पण त्याची दाढी दिसताच मालिकेवाल्यांनी तो अतिरेकी असल्यासारखं तीनदा ढँण वाजवून नुसते डोळे जवळून दाखवले; वाक्य ऐकूच आलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. उद्या रिक्षात कोण बसणार, ही काळजी त्याच्या तोंडावर दिसली.

त्यानं रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि टीव्हीसमोर उभं राहून स्वतःच म्हणाला, ‘किधर जाना, ताई? आस्ते बैठो.’

टाळ्या थांबल्यावर बायको म्हणाली, ‘भाई, सकाळी मला न्यायला या की. ह्यांना जाऊ दे चालत.’