खमीसच्या थंडीतला कढीपत्ता

इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी रजेवर कोकणात, माहेरी होते. 'आता सौदीला परत जाऊ नकोस' असं रोज कुणी ना कुणी येऊन सांगायचं. मी रजा संपल्यावर ठरल्या दिवशी परतले, आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून कढीपत्त्याची तीन रोपं आणली. हे विमानतळावर घ्यायला आले होते. माझ्या हातातलं गाठोडं बघून म्हणाले, "जग इथून पळतंय आणि आमची बायको फोडणीची सोय करतेय!"

मी खमीस मुशैतच्या एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होते, हे तिथेच लॅबमध्ये. क्वार्टरपुढे हातभर अंगण होतं. शेजारच्या केरळी सिस्टरने रोपं बघितली आणि हसली. "यहाँ नहीं होगा. सबने करके देखा. ठंड में मर जाता है." नाही होणार म्हटलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गुढीपाडव्याला माझ्या अंगणातल्या कढीपत्त्याची फोडणी, आणि झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं.

सौदी म्हटलं की लोकांना वाळू आणि उन्हाळा आठवतो. खमीस डोंगरावर आहे. डिसेंबरात पहाटे नळाला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. पण माझी शिस्त माहेरची. दिवेलागणीला झाडांना पाणी घालायचं म्हणजे घालायचं. कोकणात ते ठीक होतं. इथे रात्रभर मुळं गारठ्यात भिजत राहिली आणि पहिलं रोप गेलं. मग मी घाबरून उरलेल्या दोघांना प्लॅस्टिकमध्ये बाळंतिणीसारखं घट्ट गुंडाळलं. एका पहाटे दव गोठलं आणि प्लॅस्टिकला चिकटलेलं पान न् पान काळं पडलं. दुसरं रोपही गेलं.

कुंपणापलीकडे एक म्हातारी राहायची, तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या घरची डोंगरउतारावर गव्हाची शेती होती. ती थेट अंगणात आली आणि ओरडली, "अंती मजनूना?" वेडी आहेस का तू! तिने ते प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. पाणी घालायचं ते ऊन वर आल्यावर. रोपाभोवती मोठे काळे दगड मांडायचे, ते दिवसभर तापतात आणि रात्री रोपाला ऊब देतात. वरून पांघरूण, पण काठ्या रोवून, पानाला लागू न देता. अर्धं मला अरबीत कळलं, अर्धं तिच्या हातांवरून. वॉर्डात डॉक्टरांनाही सुनावणारी मी, मान खाली घालून ऐकत होते. हे दारात उभे राहून मजा बघत होते.

जानेवारीत युद्ध पेटलं. गावाजवळच्या तळावरून विमानं उठायची आणि खिडक्या थरथरायच्या. विषारी गॅसचा हल्ला होईल म्हणून प्रत्येकाने घरातली एक खोली बंद करून ठेवायची होती. यांनी बेडरूमच्या खिडकीला जाड प्लॅस्टिक लावलं, कडेने टेप मारली, आणि सकाळ-संध्याकाळ बोट फिरवून ती टेप तपासायचे. हे खरोखर घाबरले होते. खालाच्या सांगण्याप्रमाणे रोपावर काठ्यांवरून ताणलेलं माझं प्लॅस्टिक वाऱ्याने फाटलं होतं आणि गावातल्या दुकानांत प्लॅस्टिक खलास. मी खिडकीकडे नुसतं बघितलं.

"त्याला हात लावायचा नाही," हे म्हणाले. एरवी यांचा आवाज एवढा चढत नाही. मी रोपावर जुनी चादर घातली.

मग एका दुपारी गारा पडल्या. मी ड्यूटीवर होते. जखमी आले तर खाटा हव्यात म्हणून आम्ही वॉर्ड रिकामे करत होतो, त्यामुळे ड्यूटी संपली तरी कुणाही नर्सला रात्रभर घरी सोडलं नाही. खाटा लावताना माझ्या डोळ्यांसमोर ती भिजून रोपावर बसलेली चादर होती. गेलं, असं मी मनाशी धरूनच टाकलं. रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली.

सकाळी घरी आले तर अंगणात चार काठ्यांवर एक तंबू उभा होता. कडेने दगड नीट टेकवलेले, पानाला कुठे स्पर्श नाही. प्लॅस्टिकच्या कडेला टेप तशीच लोंबत होती. मी बेडरूममध्ये धावले. खिडकी उघडी बोडकी.

"अहो, आणि गॅस आला असता तर?"

"आला असता तेव्हा बघितलं असतं," हे चहा गाळत म्हणाले. "ते आत्ता मरत होतं."

पाडव्यापर्यंत युद्ध संपलं होतं. क्वार्टरमधले सगळे जेवायला आले, खालाही आली. आमटीला फोडणी दिली आणि कढीपत्ता तडतडला तशी केरळी सिस्टर स्वयंपाकघरात आली. "सच में हुआ? कैसे किया?" मी ज्या क्षणाची ऑगस्टपासून वाट बघत होते, तो हाच. बढाई जिभेवर तयार होती. बाहेर हे पाहुण्यांना पाणी देत होते.

"मैंने नहीं," मी म्हटलं. "इन्होंने."